टायरचा सेन्सर नक्की कोणाचा? सर्व्हिस सेंटरचा की टायरवाल्याचा?

डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा दोन प्रकारे लागतो, आणि त्या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टायरच्या छेदाचं चित्र आणि मधोमध उद्गारचिन्ह, हे तुम्ही पाहिलं असेलच. गाडी चालू केल्यावर हा दिवा लागून स्थिर राहिला, तर कुठल्यातरी टायरमध्ये हवा कमी आहे. पण आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर भानगड वेगळी. तेव्हा हवा नाही, हवा मोजणारी यंत्रणाच बिघडलेली असते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं असतं. पंपावर हवा भरणाऱ्या मुलाने, सोसायटीतल्या जाणकारांनी आणि आमच्या घरच्यांनी मात्र ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यामुळे सुरुवातीला मला सगळ्यांकडून एकच सल्ला मिळत राहिला: हवा भरून घे.

हवा भरली. चारही टायरमध्ये ३३ पीएसआय, सकाळी, गार टायरमध्ये. दिवा लुकलुकतच राहिला. माझी गाडी २०१८ची, तिच्या पडद्यावर चारही चाकांचे आकडे वेगवेगळे दिसतात. त्यात पुढच्या डाव्या चाकाच्या जागी आकडा नव्हता, नुसत्या दोन आडव्या रेघा. म्हणजे कोणता सेन्सर गेलाय ते गाडीनेच सांगितलं, आता तेवढा बदलायचा की झालं, असं कोणालाही वाटेल. सर्व्हिस सेंटरच्या सल्लागारालाही तसंच वाटलं. ती समजूत किती पोकळ होती ते पुढे येईलच.

आधी हा सेन्सर असतो कुठे, ते सांगते, कारण सगळा घोळ त्याच्या जागेमुळेच होतो. सगळ्याच गाड्यांत तो नसतो. काही गाड्या एबीएसने, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेने, मोजलेल्या चाकफेऱ्यांवरून अंदाज बांधतात: हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, त्यामुळे जरा जास्त फिरतं. तिथे बदलायला काही नसतंच, हवा नीट भरून बटण दाबलं की काम संपतं. माझ्या गाडीत मात्र प्रत्येक चाकात खरा सेन्सर आहे. आपण बाहेरून हवा भरतो त्या व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, रिमला चिकटून, टायरच्या पोटात तो बसलेला असतो. वजन साधारण तीस ग्रॅम. त्यात बटणासारखा लिथियम सेल असतो आणि तो रसायन ओतून कायमचा बंद केलेला असतो, म्हणजे नुसता सेल बदलायची सोय नाही. सेल संपला की सेन्सर संपला. गाडी उभी असताना सेन्सर झोपतो, चाक फिरायला लागलं की जागा होऊन रेडिओ लहरींवर दाब आणि तापमान कळवत राहतो. पाच ते दहा वर्षं असं चालतं. सात वर्षांच्या गाडीत एखादा सेन्सर मुका होणं यात नवल काहीच नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्याने फार विचार केला नाही. "मॅडम, चारही बदलून टाका. एकाचा सेल गेला म्हणजे बाकीचेही रांगेतच आहेत." यात खोटं काही नव्हतं. पण एका सेन्सरचे चार हजारांच्या वर, शिवाय टायर उघडणं, बॅलन्सिंग, प्रोग्रॅमिंग धरून आकडा वीस हजारांच्या घरात जात होता. मी विचारलं, "बाकीच्या तिघांचा सेल किती उरलाय, ते बघता येतं का?" त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून बिघाडाचा कोड काढून दाखवला. त्यात तेच लिहिलेलं होतं जे पडदा सांगत होता: पुढचं डावं, सिग्नल नाही. प्रत्येक सेन्सरशी थेट बोलणारं हातातलं यंत्र असतं, ते त्यांच्याकडे नव्हतं. बोलता बोलता आणखी एक कळलं. टायर उघडायचं काम ते स्वतः करत नाहीत, शेजारच्या दुकानात पाठवतात.

शेजारच्या दुकानात गेले. भिंतीवर रंगवलेलं होतं: 'सेन्सर तुटल्यास दुकान जबाबदार नाही.'

तिथेच मला या प्रकरणाची मेख कळली. सर्व्हिस सेंटरला कॉम्प्युटर कळतो पण टायरला हात लावायचा नाही. टायरवाल्याला टायर कळतो पण आतल्या त्या काळ्या डबीची त्याला धास्ती. आणि डबी तर दोघांच्या बरोबर मधे. तुटली तर कोणी तोडली, चालली नाही तर कोणामुळे, याचं उत्तर दोन्हीकडून एकच येणार: त्यांना विचारा.

सल्ले देणारे इतरही होते. ऑफिसातल्या एकाने टोपणवाले सेन्सर घ्यायला सांगितलं. व्हॉल्व्हच्या टोपीऐवजी सेन्सर फिरवून बसवायचा आणि सौरऊर्जेवरचा छोटा पडदा काचेखाली चिकटवायचा. त्यांचा सेल घरच्या घरी बदलता येतो, टायर उघडावा लागत नाही, ज्या गाडीत मुळात काहीच नाही तिच्यासाठी ते उत्तमच. पण माझ्या गाडीचा स्वतःचा दिवा त्याने विझणार नव्हता. शिवाय रस्त्याकडेला गाडी लावली की बाहेरची टोपी जागेवर राहीलच याची खात्री काय?

दुसरा सल्ला ऑनलाइन घ्यायचा. तिथे चार सेन्सरचा जोड अगदी स्वस्तात दिसत होता. इथे एक खाचखळगा आहे. भारतात आणि युरोपात हे सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिका-जपानच्या बऱ्याच गाड्यांचे ३१५वर. दिसायला दोन्ही सारखे, रिमवर बसतातही तसेच, पण गाडीला ३१५वाला ऐकूच येत नाही. आणि बाजारात ३१५चा माल भरपूर, कारण अमेरिकेत हे प्रकरण कायद्याने सक्तीचं आहे. फायरस्टोनच्या टायरांमुळे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचे अपघात झाले, लाखो टायर परत मागवावे लागले, आणि २०००च्या नोव्हेंबरमध्ये तिथे त्यासाठी कायदा आला. सप्टेंबर २००७पासून तिथली प्रत्येक नवी कार टायरच्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा घेऊनच बाहेर पडते. तिथल्या गाड्यांचे सेल संपायला लागून बरीच वर्षं झाली, त्यामुळे बदली सेन्सरचा धंदाही तिकडे मोठा. आपल्याकडे तशी सरसकट सक्ती नाही. जुलै २०२०च्या नियमदुरुस्तीने उलट एक सूट दिली: साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल.

शेवटी नाशिकच्या अंबडला, एमआयडीसीजवळ, गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करणारा एक तरुण मुलगा सापडला. त्याच्याकडे ते हातातलं यंत्र होतं. मोबाइलपेक्षा जरासं मोठं. ते व्हॉल्व्हजवळ धरून बटण दाबलं की १२५ किलोहर्ट्झचा एक इशारा जातो, झोपलेला सेन्सर जागा होतो आणि आपली माहिती सांगतो: आठ अक्षरी ओळख क्रमांक, दाब, तापमान, सेलची अवस्था.

त्याने पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. यंत्र धरलं, आणि क्षणभरात आकडे आले. ३३ पीएसआय, सेल ठीक.

"ताई, हा तर जिवंत आहे."

पुढचा उजवाही जिवंत. मागच्या उजव्याने उत्तर दिलं, पण सेल कमी असल्याचं कळवलं. मागचा डावा ठार मुका. मुलाने यंत्र टायरला टेकवलं, मग व्हॉल्व्हची पिन दाबून थोडी हवा सोडली. काही सेन्सर नुसत्या इशाऱ्याने उठत नाहीत, दाब झपकन उतरला की उठतात. तरीही काही नाही. मग त्याने गाडीच्या सॉकेटला वायर जोडून गाडीच्या डोक्यात कुठल्या जागी कोणता क्रमांक नोंदलाय ते वाचलं, आणि उलगडा झाला. गाडी ज्याला पुढचा डावा म्हणत होती तो प्रत्यक्षात मागे होता. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये टायर सारखे झिजावेत म्हणून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली होती, ती पद्धत योग्यच आहे. पण गाडीला ते कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या गाडीला ते आपोआप कळत नाही. चारही चाकांत हवा सारखीच भरत असल्यामुळे पडद्यावरचे आकडे उलटसुलट आहेत हे लक्षात यायचं काही कारणच नव्हतं.

म्हणजे पडद्यावर विसंबून पुढचं डावं चाक उघडलं असतं, तर धडधाकट सेन्सर काढून फेकला गेला असता, नवा बसला असता आणि दिवा तसाच लुकलुकत राहिला असता. मग उरलेले तीन बदलायला सांगायला सल्लागार मोकळा.

मागचं डावं चाक म्हणजे आधी पुढे असलेलं चाक, हे कळल्यावर आणखी एक गोष्ट जुळली. आदल्या वर्षी वर्ध्याला माहेरी जाताना कारंजा लाडला त्याच चाकाचं पंक्चर झालं होतं. तिथल्या पंक्चरवाल्याने चाक न उघडता व्हॉल्व्हमधून बाटलीतलं हिरवट चिकट द्रव आत सोडलं होतं. ते छिद्र बुजवतं खरं, पण टायरच्या आत फिरताना सेन्सरच्या दाब मोजायच्या बारीक भोकातही जाऊन बसतं. मुलगा म्हणाला, "सेल गेला असेल किंवा ते द्रव. उघडल्याशिवाय कळणार नाही."

दोन बदलायचे ठरवले. मुका तर बदलायचाच, आणि सेल कमी असलेला काही महिन्यांत पुन्हा याच फेऱ्यात आणणार हे दिसत होतं. पुढच्या दोघांना हात लावायचा नाही. पुढचे टायर वर्षभरात बदलायला येतील, तेव्हा चाक तसंही उघडणारच, सेन्सर तेव्हा घालता येतील. सेन्सरच्या कामात खरी मजुरी चाक उघडून पुन्हा बंद करायचीच असते, ती दोनदा कशाला द्यायची? मुलाने कंपनीच्या भागाऐवजी प्रोग्रॅम करता येणारे सेन्सर आणून दिले. किंमत मूळच्या निम्म्याहून थोडी जास्त पडली. यांच्यात जुन्या सेन्सरचा क्रमांक जसाच्या तसा उतरवता येतो, म्हणजे गाडीला बदल झालेला कळतच नाही. मुक्या सेन्सरचा क्रमांकही गाडीच्या नोंदीतून मिळाला होताच. पण माझ्या गाडीत जागाच उलटसुलट झालेल्या, त्यामुळे जुना क्रमांक उतरवून फायदा नव्हता. नवे क्रमांक घेऊन चारही जागा पहिल्यापासून लिहायच्या ठरल्या.

राहिला टायरवाला. आमचे जुने टायरवाले मामा सातपूरला आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, "सेन्सरची गाडी मी घेत नाही. तुटला की गिऱ्हाईक भांडतं." मी म्हटलं, "मामा, एक तर मेलेलाच आहे. आणि सेन्सरवाला मुलगा मी सोबत घेऊन येते, तो उभा राहील." मग तयार झाले. दोघांना एकाच वेळी एका जागी आणणं हेच माझ्या हातात होतं, आणि या सगळ्यात मी केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच असेल.

चाक काढून मामांनी आधी हवा सोडली. पिन निघेना. व्हॉल्व्हची दांडी ॲल्युमिनियमची आणि कधीतरी कुणीतरी आत साधी पितळेची पिन घातलेली. दोन वेगळे धातू, त्यात पावसाचं पाणी, त्यामुळे पिन गंजून दांडीशी एकजीव झाली होती. या दांड्यांना निकेलचा मुलामा दिलेली पिन लागते, आणि वरची टोपी प्लास्टिकची. पितळेची चकचकीत टोपी दिसायला छान, पण तीही अशीच अडकून बसते. मामांनी पक्कड लावली, दांडीच तुटली. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. "मेलेलाच होता," मी म्हटलं. मामा हसले आणि मग जरा मोकळे झाले.

टायर रिमपासून सोडवायचं यंत्र तुम्ही पाहिलं असेल. चाक बाजूला टेकवायचं, पायाने पेडल दाबलं की फावड्यासारखा लोखंडी हात टायरची कड आत ढकलतो. सेन्सर तुटतात ते इथे. तो हात व्हॉल्व्हच्या जवळ आला तर आतली डबी चिरडलीच. मुलाने खडूने व्हॉल्व्हच्या जागी टायरवर रेघ ओढली आणि मामांना म्हणाला, "ही रेघ नेहमी तुमच्यापासून लांब, समोरच्या बाजूला." मामांनी चाक फिरवून रेघ पलीकडे नेली आणि पेडल दाबलं. पुढे टायर रिमवरून उतरवताना यंत्राचा आडवा हात कुठून सुरू करायचा, तेही दोघांनी बोलून ठरवलं. तीस वर्षं टायर उघडणाऱ्या माणसाला पंचविशीतला मुलगा शिकवतोय म्हटल्यावर ठिणगी पडेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मामा उलट त्याला विचारत होते, "आणि ही अमुक कंपनीची गाडी आली तर? तिचा रबरी व्हॉल्व्ह असतो."

टायर उघडला. आत रिमच्या तळाला हिरवट थर वाळून खपली धरलेला. सेन्सरच्या डबीवरही तोच, आणि दाब घ्यायचं भोक पूर्ण बुजलेलं. सेल आधी गेला की भोक आधी बुजलं, ते आता कोण सांगणार. मामांनी रिम घासून, ओल्या फडक्याने पुसून कोरडी केली. टायरच्या आतलं द्रवही खरवडून काढलं, मूळ छिद्र शोधून आतून नीट ठिगळ लावलं. हे काम कारंजालाच व्हायला हवं होतं.

नवा सेन्सर आतून घातला, बाहेरून रबरी वॉशर आणि नट. नट किती आवळायचा यावर मात्र मतभेद झाला. मामा पाना घेऊन सरसावले. मुलाने खिशातून छोटा टॉर्क पाना काढला, ठरलेल्या जोरावर आला की तो टक् करून थांबतो. या नटला लागणारा जोर अगदी थोडा असतो. चाकाच्या नटसारखा आवळला तर दांडी तुटते किंवा रबर चेपून हवा गळते. मामांनी तो पाना हातात घेऊन दोनदा वाजवून पाहिला. "केवढ्याला मिळतो?"

मागच्या उजव्या चाकाला काहीच त्रास झाला नाही. पिन सरळ निघाली, सेन्सर शाबूत बाहेर आला.

हवा भरली, व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का पाहिलं. मग बॅलन्सिंग. सेन्सरचं वजन बदललं की चाकाचा तोल बदलतो, हे काम वगळायचं नाही. डाव्या चाकातली वाळलेली खपली निघाल्यामुळे तर जुनी चिकटवलेली वजनं पार चुकीच्या जागी ठरली.

चाकं चढवल्यावर मुलाने ठरलेल्या क्रमाने एकेका चाकापाशी यंत्र धरून क्रमांक वाचले आणि सॉकेटमधून गाडीत लिहिले. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. मला खात्री हवी होती. म्हणून मागच्या डाव्या चाकातली हवा २५वर आणायला लावली. पडद्यावर मागचाच डावा आकडा उतरला आणि दिवा लागला, न लुकलुकता, स्थिर. पुन्हा ३३ केली, थोडं अंतर चालवल्यावर दिवा गेला. जागा नीट लिहिल्यात का हे तपासायचा याहून सोपा मार्ग नाही. पैसे देण्याआधी हे करून घ्या.

दोन सेन्सर, मुलाची मजुरी, मामांची मजुरी, सगळं मिळून सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत बसलं. मामांनी ठिगळाचे पैसे वेगळे लावले, ते रास्तच होते.

त्यानंतर सिन्नरजवळून समृद्धीवर चढून वर्ध्याला जाऊन आले. १२० किलोमीटरची मुभा, सिमेंटचा सरळ रस्ता, वर वैशाखाचं ऊन. या रस्त्यावर टायर फुटून अपघात झाल्यावर परिवहन खात्याने २०२३मध्ये प्रवेशाच्या ठिकाणीच टायर तपासायला सुरुवात केली होती, ती उगाच नाही. सकाळी निघताना ३३ असलेला दाब संभाजीनगरच्या पुढे ३७-३८ झाला. सोबतची मंडळी घाबरून हवा सोडायचं म्हणायला लागली. सोडायची नसते. टायर तापला की दाब चढतो, पुस्तकातला आकडा गार टायरचा असतो. तापलेल्या टायरातून हवा काढली तर गार झाल्यावर ती कमी भरते, आणि कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो. फुटतात ते बहुतेक असेच. मी फक्त चारही आकडे बरोबरीने चढतायत ना एवढं बघत होते. एखादाच मागे राहिला असता तर थांबले असते.

माझ्या स्टेपनीत सेन्सर नाही, बहुतेकांच्या नसतोच. स्टेपनी लावली की दिवा लुकलुकणार, तेव्हा घाबरायचं कारण नाही. ते बाटलीतलं द्रव मात्र आता गाडीला लावू देत नाही. स्टेपनी नसलेल्या नव्या गाड्यांत हीच बाटली कंपनी स्वतः देते, हा जरा विनोदच आहे. ती वापरावी लागली तर टायरवाल्याला आधी सांगायचं, म्हणजे तो सेन्सर लगेच पुसून घेईल.

मामांच्या दुकानात हल्ली सेन्सरची गाडी आली की ते त्या मुलाला फोन करतात. तो अंबडहून येतो, आपले पैसे वेगळे घेतो. सर्व्हिस सेंटरचा मेसेज मला अजून येतो: 'टायर प्रेशर सेन्सर, चार नग, शिफारस प्रलंबित.' गेल्या सर्व्हिसिंगला मी त्यांना सगळे दिवे विझलेला डॅशबोर्ड दाखवला आणि चाकं पुढे-मागे केलीत तर जागा पुन्हा लिहाव्या लागतील, असं जॉबकार्डवर लिहायला लावलं. सल्लागाराने लिहून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, हे लिहितं कोण?"